संगणकाची स्मृती आणि मदरबोर्ड : जुळणीच्या कसोट्या

१. प्रश्नाचे स्वरूप

खान्देशातील संशोधनाची साधने गेल्या काही दशकांत पुष्कळच पालटली आहेत. जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. धुळ्यास तर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांच्या संग्रहांमुळे हस्तलिखितांच्या अभ्यासाची परंपरा याहूनही जुनी आहे. पोथ्यांची छायाचित्रे घेणे असो, पर्जन्यमानाची कोष्टके मांडणे असो किंवा प्रबंधाचे टंकलेखन असो, यांपैकी बहुतेक कामे आता संगणकावर होतात.

अशा कामासाठी वापरले जाणारे संगणक पुष्कळदा आठ-दहा वर्षांचे जुने असतात. संगणक मंदावला की रॅम वाढवावी, असा सल्ला दिला जातो, व तो अनेकदा योग्यही असतो. परंतु मदरबोर्ड न पाहता आणलेली रॅम स्लॉटात बसत नाही, किंवा बसूनही चालत नाही, आणि तुटपुंज्या अनुदानातील रक्कम वाया जाते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. त्यामुळे ही चूक पूर्वीपेक्षा अधिक महाग पडू लागली आहे. रॅम खरेदी करण्यापूर्वी कोणत्या कसोट्या लावावयाच्या, व त्या कोणत्या कारणांनी, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. स्मृतीचे कार्य

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. डिस्कवरील माहिती वीज गेली तरी टिकते. रॅममधील माहिती मात्र वीज आहे तोवरच टिकते. परंतु तिचा वेग डिस्कच्या कित्येक पटींनी अधिक असतो. प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, ज्या माहितीवर काम करीत असतो ती रॅममध्ये आणून ठेवावी लागते. रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातील काही भाग डिस्कवर हलवितो व लागेल तेव्हा परत आणतो. या ने-आणीतच वेळ जातो, आणि वापरणाऱ्यास संगणक अडखळल्यासारखा वाटतो.

आजच्या रॅमचे मूळ तत्त्व आयबीएम या संस्थेतील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधिले. त्याचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एक ट्रान्झिस्टर व एक सूक्ष्म कपॅसिटर यांच्या जोडीत एक अंक साठविला जातो. कपॅसिटरमध्ये भार असला तर १ आणि नसला तर ०, असा संकेत असतो. हा भार सतत गळत असल्याने तो पुनःपुन्हा भरावा लागतो. डीडीआर३ व डीडीआर४ या प्रकारांत सामान्यतः प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजी करण्यात येते.

किती स्मृती लागते, याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. १२ इंच रुंद व ५ इंच उंच अशा पोथीच्या पानाचे दर इंचास ६०० बिंदू या प्रमाणात रंगीत चित्र घेतल्यास त्यात ७,२०० × ३,००० म्हणजे २,१६,००,००० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरल्यास एका पानास ६,४८,००,००० बाइट लागतात. डिस्कवरील फाइल संक्षेपामुळे लहान दिसली, तरी चित्र उघडताच रॅममध्ये ते पूर्ण आकारात मांडावे लागते. पाठभेद ताडून पाहण्यासाठी अशी वीस पाने एकाच वेळी उघडली, तर केवळ त्यांनाच सुमारे १.३ जीबी स्मृती लागेल. ४ जीबी रॅमच्या संगणकावर हे काम का रखडते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तथापि, मंदपणाचे कारण रॅमच आहे याची खात्री आधी करून घेतली पाहिजे. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून नेहमीचे काम चालू असताना स्मृतीचा वापर पाहावा. तो सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर रॅम वाढविल्याने निश्चित लाभ होईल. वापर निम्म्यावरच असेल व संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविणे अधिक उपयुक्त ठरते.

३. पहिली कसोटी : पिढी व आकार

रॅमची मानके जेडेक ही संस्था ठरविते. डीडीआर३ चे मानक २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये व डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. यांचे मूळ व्होल्टेज अनुक्रमे १.५, १.२ व १.१ व्होल्ट आहे. टेबलावरील संगणकाच्या डीडीआर३ पट्टीस २४० पिना असतात; डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंस २८८ असतात. पिनांची संख्या समान असली तरी या दोन पट्ट्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. प्रत्येक पिढीच्या पट्टीतील खाच निराळ्या ठिकाणी ठेविलेली असते, ती अशी गफलत होऊ नये म्हणूनच. खाच जुळत नसता जोर करून पट्टी बसविल्यास स्लॉट फुटण्याचा संभव असतो.

लॅपटॉपची पट्टी आखूड असते. तिच्यात डीडीआर३ साठी २०४, डीडीआर४ साठी २६० व डीडीआर५ साठी २६२ पिना असतात. डीडीआर३एल हा १.३५ व्होल्टवर चालणारा उपप्रकार असून, इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांस तोच लागतो, त्यांत १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ चालत नाही. काही पातळ लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते, व तेथे विस्तारास वावच नसतो.

केवळ प्रोसेसरच्या नावावरून पिढी ठरविणे धोक्याचे आहे. इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ व डीडीआर३एल या दोहोंसह चालू शकतात. बाराव्या पिढीचे डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंसह. प्रत्यक्षात कोणती रॅम बसेल, हे मदरबोर्डावर कोणते स्लॉट दिले आहेत यावर अवलंबून राहते. म्हणून चौकशीचा आरंभ मदरबोर्डापासून करावयाचा.

४. दुसरी कसोटी : कमाल मर्यादा

रिकामा स्लॉट दिसला म्हणजे त्यात हवी तेवढी रॅम चालेल, असे नाही. स्मृतीचे नियंत्रण करणारा भाग किती पत्ते मोजू शकतो, यावर मर्यादा ठरते. उदाहरणार्थ, २०११ च्या सुमारास प्रचारात आलेल्या एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डांवर बहुधा दोनच स्लॉट असतात, व प्रत्येकी ८ जीबी याप्रमाणे कमाल १६ जीबी रॅम चालते. त्याहून जुन्या जी४१ चिपसेटच्या डीडीआर३ मदरबोर्डांवर ही मर्यादा ८ जीबीची आहे. तेथे आणखी एक अडचण असते. ४ जीबीची पट्टी सोळा लहान चिपांची असेल तर ती चालते. परंतु तेवढीच स्मृती आठ मोठ्या चिपांत साठविणारी नवी पट्टी हा चिपसेट ओळखू शकत नाही. लेबलावरील आकडा तोच असूनही एक पट्टी चालते व दुसरी चालत नाही, याचे कारण पुष्कळदा असे असते.

कार्यप्रणालीचीही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. ३२ बिटांच्या प्रणालीस ३२ अंकी द्विमान पत्त्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी, एवढेच मोजता येतात. ३२ बिटांची साधी विंडोज असलेल्या संगणकात ८ जीबी रॅम बसविली, तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी राहतो. अशा ठिकाणी प्रथम ६४ बिटांची प्रणाली घालणे आवश्यक आहे.

५. तिसरी कसोटी : वेग, जोडी व प्रकार

पट्टीवर पीसी३-१२८०० किंवा पीसी४-२५६०० असे आकडे छापलेले असतात. त्यांस ८ ने भागल्यास वेग मिळतो : पहिलीचा १,६०० व दुसरीचा ३,२००. भिन्न वेगांच्या पट्ट्या एकत्र बसविल्यास सर्व पट्ट्या सामान्यतः सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. प्रोसेसरची मर्यादा कमी असेल, तर वेगवान पट्टीही त्या मर्यादेपुरतीच धावते. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आय३ व आय५ प्रोसेसरांवर ३,२०० ची पट्टी २,६६६ नेच चालते. त्यामुळे अधिक वेगासाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी त्या वेगाचा उपयोग होणार आहे काय, हे पाहावे.

बहुतेक मदरबोर्डांवर स्मृतीचे दोन मार्ग असतात. एकच ८ जीबीची पट्टी बसविण्याऐवजी ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या बसविल्यास दोन्ही मार्ग वापरले जातात व माहितीची वाहतूक दुपटीपर्यंत वाढू शकते. चार स्लॉट असल्यास जोडी कोणत्या दोन स्लॉटांत बसवावी, हे मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

जुन्या बाजारात सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्तात मिळते. तिची खाच जुळली तरी साध्या मदरबोर्डावर ती चालत नाही. तसेच ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ पट्ट्या इंटेलच्या मदरबोर्डावर चालत नाहीत. स्वस्त भाव दिसताच या दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात.

६. तपासणीची रीत

संगणक न उघडताही बरीच माहिती मिळते. टास्क मॅनेजरच्या स्मृतीविषयक भागात रॅमचा वेग, एकंदर स्लॉट व वापरात असलेले स्लॉट दिसतात. सिस्टिम इन्फर्मेशन या सोयीत मदरबोर्डाची कंपनी व बहुधा मॉडेलही कळते. लिनक्सवर हेच काम डीएमआयडीकोड ही आज्ञा करते. मॉडेल कळले की कंपनीने प्रसिद्ध केलेली चालणाऱ्या रॅमची यादी पाहावी. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी, व नवी पट्टी न चालल्यास बदलून मिळेल अशी नोंद पावतीवर करून घ्यावी.

पट्टी बसविण्यापूर्वी वीजजोडणी पूर्णपणे काढावी. लॅपटॉप असेल तर बॅटरीही. खान्देशातील मार्च ते मे हा काळ कोरडा असल्याने अंगावर स्थिर विद्युत साचते, व तिच्या स्पर्शाने चिप निकामी होऊ शकते. म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून मगच पट्टी कडेने धरावी. संपर्कपट्टीवर मळ असल्यास खोडरबराने हलकेच पुसावे व कण झटकून टाकावेत.

येथील उष्म्याचा विचारही गौण मानता येत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये तापमान त्याहून बरेच अधिक होते. उष्णतेने कपॅसिटरमधील भार लवकर गळतो. चिपचे तापमान ८५ अंशांपलीकडे गेल्यास डीडीआर३ व डीडीआर४ मध्ये ताजेपणाचा अवधी ६४ वरून ३२ मिलिसेकंदांवर आणावा लागतो. पंखे स्वच्छ ठेवणे, व कूलरच्या दमट झोतासमोर संगणक न ठेवणे, हे यावरील सोपे उपाय होत. नवी रॅम बसविल्यावर मेमटेस्ट८६ या चाचणीवर संगणक रात्रभर ठेवावा. एकही दोष आढळल्यास पट्टी परत करावी. सदोष स्मृतीमुळे फाइलमधील मजकूर नकळत बिघडतो, व संशोधनात याहून मोठी हानी नाही.

७. उपसंहार

विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम पुरते. परंतु टीपीएम २.० व नवा प्रोसेसर, इंटेलचा असल्यास बहुधा आठव्या पिढीपासूनचा, हेही तिला लागतात. अर्थात, केवळ रॅम वाढवून जुना संगणक विंडोज ११ साठी पात्र होत नाही. अशा संगणकावर लिनक्स घालून ८ जीबी रॅम दिल्यास टंकलेखन, कोष्टके व चित्रवाचन यांसाठी तो आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. ज्या मदरबोर्डाची मर्यादाच ४ जीबी आहे, त्यावर मात्र खर्च न करणे श्रेयस्कर.

डेड स्टॉक रजिस्टरात बहुधा संगणकाचा क्रमांक, किंमत व खरेदीची तारीख एवढेच लिहिले जाते. त्यासोबत मदरबोर्डाचे मॉडेल, रॅमची पिढी, कमाल मर्यादा व रिकामे स्लॉट या चार गोष्टी एकदा लिहून ठेवल्या, तर पुढील प्रत्येक खरेदीच्या वेळी संगणक उघडावा लागणार नाही, आणि निकामी झालेल्या एका संगणकाची रॅम दुसऱ्या कोणत्या संगणकास लागू पडेल, हेही नोंदवहीवरूनच ठरविता येईल.