विश्लेषण : पतीला केलेल्या एका फोनमुळे स्वित्झर्लंडच्या पहिल्या महिला मंत्र्यांना पद का सोडावे लागले?

स्वित्झर्लंडमध्ये महिलांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९७१ मध्ये. त्यानंतर १३ वर्षांनी, २ ऑक्टोबर १९८४ रोजी, संसदेने एलिझाबेथ कोप यांना सात सदस्यांच्या मंत्रिमंडळावर निवडून दिले. या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच महिला. पण चार वर्षांतच त्यांना पायउतार व्हावे लागले.

न्यायमंत्री म्हणून काय केले?

झुरिकमध्ये जन्मलेल्या कोप कायद्याच्या पदवीधर. झुमिकॉन गावाच्या प्रमुख, मग खासदार आणि पुढे न्यायमंत्री. तेव्हाच्या विवाह कायद्यात पती हाच कुटुंबप्रमुख होता. पत्नीला नोकरी करायची तर त्याची संमती लागे. ही तरतूद मोडीत काढणाऱ्या नव्या कायद्यासाठी कोप यांनी प्रचार केला. सप्टेंबर १९८५ च्या सार्वमतात ५४.७ टक्के मतदारांनी कौल दिला. म्हणजे विरोधही काही थोडाथोडका नव्हता.

फोनवर काय घडले?

पती हान्स कोप हे वकील आणि ‘शकार्ची ट्रेडिंग’ कंपनीच्या संचालक मंडळाचे उपाध्यक्ष. काळा पैसा पांढरा करण्याच्या तपासात या कंपनीचे नाव येत असल्याचे कोप यांना आपल्या सहायकाकडून कळले. २७ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांनी पतीला फोन करून संचालकपद सोडायला सांगितले. त्यांनी ते सोडलेही. कोप मात्र या फोनबद्दल गप्प राहिल्या. फोनपेक्षा हे मौनच त्यांना जास्त महागात पडले, असे म्हणावे लागेल. डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि १२ जानेवारी १९८९ रोजी तडकाफडकी पद सोडले. विशेष म्हणजे त्या वर्षासाठी देशाच्या उपाध्यक्षपदी त्यांची निवड झालेली होती!

चौकशीत काय सापडले?

संसदेने मोरित्स लॉयेनबेर्गर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. न्याय खाते तपासताना तिच्या हाती भलतेच घबाड लागले. पोलिसांनी सुमारे ९ लाख व्यक्ती आणि संघटनांच्या गुप्त नोंदी ठेवल्या होत्या. देशाची लोकसंख्या तेव्हा ७० लाखांच्याही आत होती. डाव्या कार्यकर्त्यांसह अनेक सामान्य नागरिकांची नावे त्यात निघाली. मार्च १९९० मध्ये बर्नच्या रस्त्यांवर संतप्त निदर्शने झाली.

कोप दोषी ठरल्या का?

नाही. गोपनीयतेच्या भंगाच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. राजकारणात मात्र त्या परतल्या नाहीत. मंत्रिमंडळात दुसरी महिला, रूथ ड्रायफुस, आली ती १९९३ मध्ये. कोप यांचे एप्रिल २०२३ मध्ये ८६ व्या वर्षी निधन झाले.