आधी प्रपंच, मग लढाई

आपल्यापैकी जी मंडळी १९९९-२०००च्या आगेमागे एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर होती, त्यांना 'एज ऑफ एम्पायर्स' हे नाव वेगळं सांगायला नको. चार कॉम्प्युटर वायरींनी जोडायचे, मेसची वेळ चुकवायची आणि पहाटेपर्यंत एकमेकांच्या राजधान्या जाळायच्या. गंमत अशी की तो खेळ अजून जिवंत आहे. टेक्सासमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजचा १९९९ सालचा 'एज ऑफ एम्पायर्स टू' २०१९ साली 'डेफिनिटिव्ह एडिशन' म्हणून नव्या कपड्यांत आला. २०२२ साली त्याला भारतातल्या राजघराण्यांची पुरवणी जोडली गेली आणि गुर्जर, द्रविड, बंगाली, हिंदुस्तानी असे गट मैदानात उतरले. त्याच वर्षी जर्मनीत हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात त्याची मोठी स्पर्धाही भरली. होस्टेलवरचे ते वीर आता पन्नाशीकडे झुकले, आणि त्यांचीच मुलं वरच्या खोलीत दार लावून तोच खेळ खेळताहेत.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की हे बुद्धिबळच आहे, पण त्यात पाळी नाही. दोघांनी एकाच वेळी खेळायचं, तुम्ही विचार करत बसलात म्हणून समोरचा थांबत नाही. शिवाय सोंगट्या आयत्या मिळत नाहीत. लाकूड तोडून, शेती करून, सोनं खणून त्या आपल्या आपण तयार करायच्या. आणि समोरच्याचं घर अंधारात असतं, जाऊन बघेपर्यंत तो काय करतोय ते कळत नाही.

आता मुद्द्याचं. बऱ्याच घरांतली तक्रार 'मुलगा फार खेळतो' एवढीच नसते. मुलाची स्वतःची एक तक्रार असते, ती तो सांगत नाही. रोज दीड-दोन तास खेळून वर्षं लोटली तरी त्याचा नंबर जिथल्या तिथे. हरला की चिडतो, जेवताना बोलत नाही. आईवडिलांना वाटतं खेळामुळे बिघडला. खरं म्हणजे तो खेळतो, पण शिकत नाही, आणि हे त्याला स्वतःलाही कळत नाही. तासन् तास पेटी बडवणं म्हणजे रियाज नव्हे, हे आपल्याकडे कुणालाही पटेल. इथेही तेच आहे.

आधी त्या नंबराविषयी, कारण घरातली अर्धी आदळआपट त्यापायीच होते. हा नंबर 'एलो' पद्धतीने काढतात. अर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. बुद्धिबळपटूंसाठी त्यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. जिंकलात की नंबर वर जातो, हरलात की खाली येतो. आपल्यापेक्षा वरच्याला हरवलं तर जास्त वर जातो. आणि कॉम्प्युटर तुमची गाठ शक्यतो तुमच्याच नंबराच्या आसपासच्या माणसाशी घालून देतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बरोबरीचा माणूस समोर असला की शंभरातले सुमारे पन्नास डाव तुम्ही हरणार. तुम्ही सुधारलात, तर अधिक चांगला माणूस समोर येणार आणि त्याच्याशी पुन्हा पन्नासच हरणार. अगदी टोकाचे मोजके खेळाडू सोडले तर यातून कुणाचीच सुटका नाही.

ज्या घरात अठ्ठ्याण्णव मार्क मिळाले तर 'दोन कुठे गेले?' असं विचारतात, त्या घरातल्या मुलाला हे पचणं किती अवघड असेल, विचार करा. स्पेलिंग बी म्हणा, गणिताच्या स्पर्धा म्हणा, आपली मुलं 'चुकायचं नाही' या शिस्तीत वाढलेली. इथे निम्मे वेळा हरणं हाच नियम. 'आज किती जिंकलास?' हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. विचारायचंच असेल तर 'आज कशाने हरलास?' असं विचारावं, आणि तेसुद्धा जेवण झाल्यावर.

'कशाने?' याचं उत्तर बहुतेक वेळा मुलाला चुकीचं माहीत असतं. तो म्हणेल, 'त्याचे घोडेस्वार भारी होते', 'त्याला चांगला गट मिळाला', 'इंटरनेट अडखळत होतं'. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! लढाई हरलेली डोळ्यांना दिसते, म्हणून दोष लढाईला जातो. पण नवशिक्यांचे आणि मधल्या फळीतल्यांचे बहुतेक डाव लढाईच्या कितीतरी आधी, पहिल्या दहा मिनिटांत हरलेले असतात. ते प्रपंचात हरलेले असतात.

हिशेबच मांडू. बहुतेक गटांना सुरुवातीला तीन गावकरी आणि एक टेहळणीचा स्वार मिळतो. गावात जागा पाच माणसांपुरती. कोठारात २०० अन्न, २०० लाकूड. एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं आणि खेळातल्या घड्याळाप्रमाणे २५ सेकंद जातात. २५ लाकडांचं एक घर बांधलं की आणखी पाच माणसांची सोय होते. घर वेळेवर बांधलं नाही, तर गावकरी जन्मालाच येत नाही. पुढच्या युगात, म्हणजे फ्यूडल एजमध्ये, जायला ५०० अन्न लागतं. समजा एकवीस गावकरी झाल्यावर पुढे जायचं ठरवलं. तीन आधीचे, म्हणजे नवे अठरा. अठरा गुणिले पंचवीस, साडेसात मिनिटं. त्यात गावकऱ्यांना काटक करणारी 'लूम' नावाची सुधारणा, आणखी २५ सेकंद. म्हणजे एकही क्षण वाया गेला नाही, तर सात मिनिटं पंचावन्न सेकंदांनी पुढच्या युगाचं बटण दाबता येतं. तुमच्या चिरंजीवांना किंवा कन्येला विचारा, तुमचं किती वाजता दाबलं जातं? अकरा म्हणाली, तर मधली तीन मिनिटं टाऊन सेंटर रिकामं बसलं होतं. तीन मिनिटं म्हणजे सात गावकरी. एक गावकरी मिनिटाला ढोबळमानाने वीसेक अन्न किंवा लाकूड आणतो, म्हणजे सात जणांचे मिनिटाला सव्वाशे-दीडशे, दर मिनिटाला, डाव संपेपर्यंत. समोरच्याचे घोडेस्वार 'भारी' नव्हते हो, फक्त जास्त होते.

म्हणून सुधारायचं तर पहिला रियाज हा, आणि तो कंटाळवाणा आहे. माणसांशी न खेळता कॉम्प्युटरशी डाव सुरू करायचा, पुढच्या युगाचं बटण दाबेपर्यंत खेळायचं, वेळ बघायची आणि डाव सोडून पुन्हा पहिल्यापासून. पहिले सहा जण मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, मग रानडुक्कर आणायला एक, असा जो क्रम असतो त्याला बिल्ड ऑर्डर म्हणतात. एकच निवडावी आणि ती हातात बसेपर्यंत दुसरीकडे बघू नये. दर आठवड्याला नवा गट, नवी युक्ती, असं करणारी मुलं कायम नवशिकी राहतात. सुरांवर हात बसलेला नसताना राग बदलत बसण्यासारखं आहे ते. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे सरावाचे धडे आहेत, वेळेनुसार कांस्य, रौप्य, सुवर्ण पदक देणारे. रोज वीस मिनिटं ते केले तरी महिन्याभरात फरक दिसतो.

दुसरी गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय मराठी मनाला जरा जड जाईल. या खेळात शिल्लक हा गुन्हा आहे. कोठारात हजार लाकूड पडून असलं की बरं वाटतं, अडीअडचणीला उपयोगी पडेल असं वाटतं. पण हजार लाकूड पडून आहे याचा अर्थ चार-पाच मिनिटांपूर्वी ज्या शेती, जे सैन्य, जी घरं व्हायला हवी होती ती झालेली नाहीत. चांगल्या खेळाडूचं कोठार बहुधा रिकामं असतं. आलं की लागलं. (बँकेच्या खात्याला हा नियम लावू नये, हे आपलं जाता जाता.)

तिसरी गोष्ट नजरेची. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार स्कर्मिशरला म्हणजे हलक्या भालाफेक्याला भारी, स्कर्मिशर तिरंदाजाला भारी, तिरंदाज भालाइताला भारी, असं हे चक्र आहे. कॅसल एजमधला एक नाइट ६० अन्न आणि ७५ सोनं खातो, भालाईत ३५ अन्न आणि २५ लाकडात होतो. तेव्हा समोरच्याकडे दोन पागा उभ्या राहिलेल्या वेळेवर दिसल्या, तर स्वस्तात बंदोबस्त करता येतो. दिसल्या नाहीत, तर तुमचे पंधरा तिरंदाज चिरडले जातात. टेहळणीचा स्वार त्यासाठीच दिलेला असतो, आणि बहुतेक मुलं त्याला सहाव्या मिनिटाला कुठल्या तरी झाडाखाली उभा करून विसरून जातात.

बोटांच्या वेगाचं मात्र उगाच स्तोम माजलंय. कोरियातले 'स्टारक्राफ्ट'चे पट्टीचे खेळाडू मिनिटाला तीनशेहून जास्त हालचाली करतात हे खरं, आणि ते ऐकून पोरं बोटं बडवायला लागतात. पण २०१९ साली डीपमाइंड कंपनीच्या 'अल्फास्टार' या प्रोग्रॅमने 'स्टारक्राफ्ट टू'मध्ये ९९.८ टक्के खेळाडूंच्या वरचं स्थान मिळवलं, तेव्हा त्याच्या हालचालींवर माणसाला झेपेल अशी मर्यादा घातलेली होती. कुठली गोष्ट आधी करायची हे कळणं वेगापेक्षा महत्त्वाचं. आपल्या पातळीवर दोन सवयी पुरतात. टाऊन सेंटर निवडून कंट्रोल आणि १ दाबायचं, की मग कुठेही लढाई चालू असताना १ दाबून ते निवडता येतं, आणि क्यू दाबला की गावकरी सुरू. माउस फिरवत घरी जावं लागत नाही. आणि पूर्णविरामाची कळ दाबली की रिकामा बसलेला गावकरी सापडतो. मूळ मांडणीत या कळा अशा आहेत, सोयीप्रमाणे बदलता येतात.

आणि सगळ्यात टाळली जाणारी गोष्ट म्हणजे हरलेला डाव पुन्हा बघणं. खेळ प्रत्येक सामना साठवून ठेवतो. त्यात दोन्ही बाजू उघड्या दिसतात, अंधार नसतो. माझं मत असं, की पाच नवे डाव खेळण्यापेक्षा एक हरलेला डाव शांतपणे बघण्यात जास्त शिक्षण आहे, पण ते कुणालाच नको असतं, कारण तिथे अंगण वाकडं नव्हतं हे दिसतं. सगळं बघायचीही गरज नाही. टाऊन सेंटर पहिल्यांदा रिकामं कधी पडलं, कोठारात माल कधी साचायला लागला, समोरच्याच्या पागा मला कितव्या मिनिटाला दिसल्या, एवढंच एका वहीत लिहायचं. दहा डावांनंतर तीच चूक सात वेळा लिहिलेली सापडते. मग पुढचा आठवडा फक्त तेवढीच दुरुस्त करायची, डाव हरला तरी चालेल. कॅनडाचा 'हेरा' किंवा नॉर्वेचा 'द वायपर' यांचे सामने जरूर बघावेत, हेराचे शिकवणीचे व्हिडिओ तर उत्तम आहेत. पण त्यांचा खेळ बघताना आपल्याला सगळं येतंय असा भास होतो, तसा भीमसेनांची रेकॉर्ड ऐकतानाही होतोच.

आता आईवडिलांसाठी दोन शब्द. हा सामना अर्धा-पाऊण तास चालतो आणि मध्येच उठणं म्हणजे हार पत्करणं. 'आत्ताच्या आत्ता खाली ये' यावरून होणारी भांडणं टाळायची असतील, तर जेवणाच्या तासभर आधी सांगावं, की चालू आहे तो संपव, नवा लावू नकोस. मुलाला हे न्याय्य वाटतं, आणि मग ते पाळलं नाही तर रागवायचा हक्क आपला. दुसरं, लागोपाठ दोन डाव हरले की त्या दिवशी नंबराचे सामने बंद. गेलेले गुण भरून काढायला तिसरा, चौथा, पाचवा खेळतात तेव्हा जुगाऱ्यासारखी अवस्था होते आणि रात्रीचा एक वाजतो. मनगट दुखतंय असं मूल म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. खुर्चीची उंची बघा, कोपर टेबलाच्या पातळीला येऊ द्या, आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा.

आणि होस्टेलवरच्या त्या जुन्या वीरांनी एकदा मुलांच्या बाजूने उतरून बघायला हरकत नाही. चार-चार जणांच्या सामन्यात बाहेरच्या कडेला असलेला बहुधा तिरंदाज करतो आणि आतल्या बाजूचा घोडदळ. आतल्या जागेवर सुरुवातीला मार कमी बसतो, तेव्हा बाबांनी ती घ्यावी आणि मुकाट्याने गावकरी वाढवावेत. पंचवीस वर्षांपूर्वीच्या युक्त्या सांगत बसू नये, त्या आता सगळ्यांना ठाऊक असतात. बाजार बांधला की मुलाला लागेल तेव्हा सोनं पाठवता येतं, फक्त त्यावर कर कापला जातो.