थंडीला न डगमगणारी शिंदी

शोभेचा पाम म्हटले, की रोपवाटिकेतील परदेशी जाती आठवतात. नंदुरबार जिल्ह्यात ओढ्याकाठी वाढणारी शिंदी हाही तितकाच देखणा आणि काटक पाम आहे. सातपुड्यात तोरणमाळ परिसरात कडाक्याच्या हिवाळ्यात दवबिंदू गोठतात. वाढलेली शिंदी शून्याखालील काही अंश तापमानही सोसते.

खजुराला बुंध्याशी फुटवे येतात, शिंदीला सहसा येत नाहीत. त्यामुळे बी हाच लागवडीचा मार्ग. पावसाळ्याच्या तोंडावर पिकलेल्या फळांचा गर काढून बी दोन-तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावे. नंतर निचऱ्याची माती भरलेल्या खोल पिशवीत ते लावावे. कोंब आधी जमिनीत खाली उतरतो. मूळ आणि पान तेथूनच फुटतात. म्हणून दोन-तीन महिने वर काही दिसले नाही, तरी माती उकरू नये.

पहिली पाने गवतासारखी साधी असतात. काटकपणा वयाबरोबर येत असल्याने सुरुवातीचे दोन हिवाळे रोपांना आडोसा द्यावा.

बागेसाठी वाढलेले झाड उपटून आणणे सोपे वाटते. पण त्याच झाडाच्या पानांच्या केरसुण्या होतात आणि फळांवर पाखरे जगतात. ओढ्याकाठचे झाड तेथेच राहू द्यावे, बी मात्र घरी आणावे.