गंजलेला बोल्ट कसा काढावा?

गॅरेज लाइनमधील बांधवांसाठी आज एक किरकोळ वाटणारा, पण दिवसाची कमाई खाणारा विषय घेत आहोत. सायलेन्सर फडफडतो म्हणून पिकअप येते. मॅनिफोल्डचे पॅकिंग बदलायचे, दोन तासांचे काम, मजुरी ठरते. दुसऱ्याच नटाला स्टड हेडमध्ये तुटतो. मग हेड उतरवा, तुकडा काढा, हेडचे नवे पॅकिंग घाला. हा खर्च गिऱ्हाईक सहसा देत नाही आणि वर गाडी बिघडवली म्हणतो.

नाशिकच्या गॅरेजवाल्यांना हे नवीन नाही. द्राक्षे आणि कांदा घेऊन गाड्या कसारा घाटातून मुंबईला जातात. चढावर मॅनिफोल्ड चटचटीत तापतो, इगतपुरीच्या पावसात त्यावर पाणी उडते. तापणे, भिजणे, पुन्हा तापणे, असे वर्षानुवर्षे चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून तो पाचर ठोकल्यासारखा बसतो.

अशा वेळी आपली पोरे पान्याला पाईप लावतात. हिशेब पाहा. 8.8 मार्काचा 8 मि.मी. बोल्ट साधारण अडीच किलो-मीटर जोराने आवळायचा असतो. एक मीटर लांब पाईपवर 20 किलोचा हात पडला की 20 किलो-मीटर जोर लागतो, म्हणजे आठपट. बोल्ट तुटणारच!

काम खरे तर आदल्या संध्याकाळी सुरू करावे. तारेच्या ब्रशने आटे आणि नटाचे पैलू साफ करा, गंज सोडवणारे तेल मारा, गाडी रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा तेल. सहा पैलूंचा बॉक्स पाना घ्या. बारा पैलूंचा पाना खराब नटाचे कोपरे मारतो. बोल्ट असेल तर डोक्यावर हातोडीचे चार-सहा सरळ ठोके द्या, गंजाची पकड त्यानेच तडकते. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडा. पाव फेरा सुटला की परत आत घ्या, तेल टाका, पुन्हा सोडा. करकर आवाज वाढला तर थांबा.

एवढ्याने न हलल्यास गॅस. ज्वाळा नटावर धरायची, स्टडवर नाही, कारण नट फुगला तरच सैल होतो. गरम नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत उतरते. जुन्या उस्तादांची ही युक्ती आजही चालते. मात्र त्याआधी डिझेलचे पाईप बाजूला करा, सांडलेले तेल पुसा. सी.एन.जी. गाडीजवळ ज्वाळा नेऊच नका.

हेड ॲल्युमिनियमचे असेल तर हात आखडता घ्या. लोखंड लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता सुमारे 600 अंशांच्या आसपास एकदम ढासळते. पण ते तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे थोडी ऊबही पुरते.

तरीही तुटलाच, तर एक्स्ट्रॅक्टरकडे धावू नका. तुकडा थोडा वर असेल किंवा हेडच्या पातळीत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. वेल्डिंगची उष्णता गंज सोडवते आणि पाना धरायला डोकेही मिळते. बॅटरीच्या तारा आधी काढा, नाहीतर नव्या गाड्यांचा ई.सी.एम. जाऊ शकतो. तुकडा खोल असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून 3 मि.मी.पासून पायरीपायरीने ड्रिल करा. 8 मि.मी.च्या सव्वा पिचच्या आट्यांना टॅपसाठी 6.8 मि.मी. ड्रिल लागते. ड्रिल तिरके गेले की हेडचे आटे गेले, मग हेलिकॉइल बसवावी लागते. एक्स्ट्रॅक्टर फार कडक असतो. तो आत तुटला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. मग हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे न्यावे लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात हे काम होते, एवढाच दिलासा.

गिऱ्हाइकाशी मात्र पाना लावण्यापूर्वीच बोला. गंजलेले स्टड त्याला दाखवा, तुटल्यास काढण्याची मजुरी वेगळी, असे जॉब कार्डवर लिहून सही घ्या. तुटल्यानंतर सांगितलेले कोणाला पटत नाही.

परत बसवताना स्टड-नट नवे वापरा, मॅनिफोल्डच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावा आणि जोर थोडा कमी ठेवा, कारण पेस्टमुळे बोल्ट जास्त आवळला जातो. हेड बोल्टना ती लावू नका. तिथे कंपनीचे पुस्तक सांगेल तेच. ब्लॉकमधली बंद टोकाची भोके हवा मारून कोरडी करा. खाली तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला चीर जाते.