कोळशाच्या पोटातला वायू

वरोऱ्यात 1871 साली सरकारी खाण सुरू झाली, तेव्हापासून वर्धा खोऱ्याचा कोळसा निघतोच आहे. त्या कोळशात मुरलेल्या मिथेनबद्दल मात्र खाणीबाहेर फारसं कुणी बोलत नाही.

जमीन खचून झालेल्या खोलगट पट्ट्यात 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी ग्लॉसोप्टेरिसची जंगलं गाडली गेली. त्यांचे झालेले थर म्हणजे बराकर खडकातला कोळसा. वर कामठीचा वालुकाश्म, काही ठिकाणी काळा बेसॉल्ट. हेच गोंडवन खडक प्राणहितेच्या काठाने गडचिरोलीत सिरोंचापर्यंत जातात. तिथल्या वडधमला झाडांचे दगड झालेले बुंधे सापडतात.

लाकडाचा कोळसा होताना मिथेन तयार होतो आणि पाण्याच्या दाबाखाली कोळशाच्या बारीक छिद्रांना चिकटून राहतो. तो मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बोअरमधून कोळशाचा कोअर (दंडगोल नमुना) वर आला की लगेच कॅनिस्टरमध्ये, म्हणजे हवाबंद डब्यात घालून झाकण घट्ट करायचं, डबा थराइतक्याच उबेला ठेवायचा. नळीतून वायू बुडबुडे काढत पाण्यावर पालथ्या घातलेल्या मोजनळीत चढतो. आधी भराभर, मग दिवसेंदिवस सावकाश. शेवटी कोळसा दळून उरलासुरला वायूही मोजतात. वर येतानाच उडून गेलेला हिशेबाने धरावा लागतो.

वर्धा खोऱ्यातला आपला कोळसा इथे मागे पडतो. तो उथळ आहे, फारसा तापलेला नाही, म्हणून वायूही कमी. राणीगंजचा कोळसा जास्त पक्व; तिथे 2007पासून विहिरींतून पाणी उपसून, दाब उतरवून मिथेन विकला जातो. चंद्रपूरला ते जमलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. वायू कमी म्हणजे भुयारी खाणीत स्फोटाचा धोकाही कमी. तरीही तिथला मायनिंग सरदार, म्हणजे खाणीतल्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा कर्मचारी, छताजवळ दिवा नेऊन ज्योतीवर मिथेनची निळी टोपी चढते का ते पाहत आला, ते योग्यच.

आता कोळसा खणून, भट्टीत वाफ आणि ऑक्सिजन देऊन त्याचाच वायू करायचा बेत आहे. 2030पर्यंत वर्षाला 10 कोटी टन कोळशाचा असा वायू करण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. याला पाणी लागतं. 2010च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं, तेव्हा चंद्रपूरच्या वीज केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते. म्हणून नव्या प्रकल्पाने किती वायू मिळेल हे सांगण्याआधी किती पाणी, कुठल्या नदीचं आणि मे महिन्यात कुठून, हे गावसभेत आकड्यांनिशी मांडावं.