बिनतारी विद्युत अवजारांच्या बॅटऱ्या व चार्जर : दोषनिदानाचा क्रम

प्रस्तावना :
सुतारकाम व फॅब्रिकेशनच्या व्यवसायात कॉर्डलेस ड्रिल हे आता नित्याचे अवजार झाले आहे. चार्जरचा लाल दिवा लुकलुकू लागला की बॅटरी 'गेली' असे मानून ती टाकली जाते, अथवा तिला थेट वीजप्रवाह देऊन 'उठवली' जाते. पहिल्या प्रकारात कारागिराचा पैसा जातो, दुसऱ्यात आगीचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखात १८ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकच्या आधारे दोषनिदानाचे विवेचन केले आहे.

विवेचन :
सदर पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे सेल पाचच्या एकसर जोडणीत असतात. पूर्ण प्रभारित अवस्थेत प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, म्हणजेच पॅक २१ व्होल्ट दाखवतो. ('२० व्होल्ट मॅक्स' हा छापही याच रचनेचा, त्यात अधिक ताकद नसते.)

प्रथम तापमान पाहावे. पॅकमधील थर्मिस्टर चार्जरला तापमान कळवतो व पॅक फार तापलेला असल्यास चार्जर प्रभारण नाकारतो. विदर्भात मे महिन्याच्या उन्हात वापरलेल्या पॅकबाबत असे घडणे स्वाभाविकच होय. तासभर सावलीत ठेवल्यास हा 'दोष' बहुधा नाहीसा होतो. संपर्कपट्ट्यांवर भुसा साचल्यानेही हीच लक्षणे दिसतात. त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. त्यानंतर तोच पॅक त्याच बनावटीच्या दुसऱ्या चार्जरवर लावून पाहावा. तेथे तो चालल्यास दोष चार्जरचा.

यानंतर मल्टिमीटर. तथापि केवळ एकूण व्होल्टेज फसवे ठरते. चार सेल ३.९ व्होल्टचे आणि एक १.४ व्होल्टचा असल्यास बेरीज १७ येते. पॅक निरोगी भासतो, परंतु प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे मंडल प्रभारण थांबवते. ही यंत्रणा येथे बिघडलेली नसून आपले काम चोख करीत असते.

असा अतिरिक्त रिता झालेला सेल 'उठवणे' घातक आहे. त्यातील तांब्याचा पत्रा इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतो व पुन्हा प्रभारित करताना ते तांबे इतरत्र साचून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकबाबत ही क्लृप्ती काही अंशी चालत असे. सवय तेथूनच आली असावी.

फुगलेला वा गळका पॅक मुळीच चार्ज करू नये. निकामी पॅकच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो संकलन केंद्राकडे द्यावा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये संकलनाची जबाबदारी उत्पादकावर आहे.