सालेम बंदरांतून निघालेली मुलगी

इ. स. १८११ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील एका सतरा वर्षांच्या मुलीस एक पत्र आलें. पत्र लिहिणारा सॅम्युएल न्यूवेल हा अँडोव्हर येथील विद्यालयांत धर्मोपदेशकाचें शिक्षण घेतलेला तरुण होता. पत्रांत विवाहाची मागणी होती. पण ती नुसत्या विवाहाची नव्हती. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठीं त्याला पूर्वेकडील देशांत जावयाचें होतें, आणि परत येण्याचा विचार त्याच्या मनांत नव्हता. त्याची पत्नी होणें म्हणजे आई, भावंडें, गांव, सारें कायमचें सोडणें होय, हें त्यानें लपवून ठेविलें नव्हतें. मुलीचें नांव हॅरिएट अ‍ॅटवुड. अमेरिकेंतून परमुलखीं गेलेल्या पहिल्या मिशनऱ्यांच्या तुकडींतील ही सर्वांत लहान व्यक्ति. आणि तिच्या प्रवासाचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो, म्हणून तिची हकीकत आपल्या वाचकांनीं ऐकण्यासारखी आहे.

असलें पत्र त्या काळीं आपल्या एखाद्या घरीं येतें, तर तें मुलीच्या दृष्टीस पडण्यापूर्वींच चुलींत गेलें असतें, हें सांगावयास नकोच. अ‍ॅटवुड यांच्या घरीं नेमकें उलट झालें. पण उलट झालें म्हणून तें सोपें झालें, असें कोणीं समजूं नये.

हेव्हरिल हें मेरिमॅक नदीच्या कांठचें गांव. हॅरिएटचे वडील तेथें व्यापार करीत. ते १८०८ मध्यें वारले, आणि नऊ मुलांचा संसार आईच्या अंगावर पडला. नदीपलीकडे ब्रॅडफर्ड येथील शाळेंत हॅरिएट शिकली. तेथेंच अ‍ॅन हॅसेल्टाइन ही तिच्याहून जवळजवळ चार वर्षांनीं मोठी अशी मैत्रीण तिला मिळाली. १८१० च्या जून महिन्यांत त्याच ब्रॅडफर्ड गांवीं धर्मोपदेशकांची वार्षिक सभा भरली. अँडोव्हरच्या चार विद्यार्थ्यांनीं, 'आम्हांस परदेशीं पाठवा,' असा अर्ज त्या सभेपुढें ठेविला, आणि त्यांतून अमेरिकन बोर्ड ही पहिली परदेशी मिशन-संस्था निघाली. त्या चौघांपैकीं एक न्यूवेल, दुसरा अ‍ॅडोनिराम जडसन. जडसननें अ‍ॅनला मागणी घातली, न्यूवेलनें हॅरिएटला. जगाच्या इतिहासांतील मोठाल्या गोष्टी पुष्कळदां अशाच एका नदीच्या दोन कांठांवर, ओळखीपाळखीच्या चार घरांतून सुरू होतात.

हॅरिएट पत्र घेऊन आईपाशीं आली. आई निक्षून 'नाहीं' म्हणाली असती, तर मुलगी बहुधा गेली नसती, आणि मनांतून तिला थोडें हायसेंही वाटलें असतें, असें मला तिचें चरित्र वाचतांना वाटलें. परंतु आईनें नाहीं म्हटलें नाहीं. माझें तुझ्यावर कितीही प्रेम असलें, तरी कर्तव्य तुला तिकडे बोलावीत असेल तर 'जा' एवढेंच मी म्हणेन, अशा आशयाचें तिचें उत्तर होतें. विधवा आईनें हें उत्तर देतांना काय गिळलें असेल, तें मुली सासरीं धाडलेल्या आपल्या घरांतील बायकांस अधिक सांगण्याची गरज नाहीं. आणि हें सासर तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस होतें.

यांत एक प्रश्न उरतोच. 'तूंच ठरीव' असें मुलीस सांगणें हें मोठें उदारपणाचें खरें. पण ज्या मुलीस लहानपणापासून कर्तव्य म्हणजे ईश्वराची आज्ञा असें शिकविलें, तिच्यापुढें 'जाणें' आणि 'न जाणें' हे दोन मार्ग सारखेच मोकळे होते काय? आपल्याकडे वडीलधारे मुलीच्या वतीनें ठरवीत, आणि चुकलें तर दोष त्यांच्या पदरीं पडे. हॅरिएटच्या बाबतींत निर्णयाचें सारें ओझें तिच्या कोंवळ्या खांद्यांवर आलें, आणि तिनें तें कर्तव्य समजून उचललें. यांतलें अधिक कठोर कोणतें, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

५ फेब्रुवारी १८१२ रोजीं हेव्हरिल येथें या दोघी मैत्रिणींना निरोप देण्यासाठीं खास प्रवचन झालें. जोनाथन अ‍ॅलन या धर्मोपदेशकांनीं त्यांना त्यांचें काम नेमून दिलें: पूर्वेकडील स्त्रिया घराच्या आंतल्या भागांत राहतात, तेथें पुरुष उपदेशकाचा शिरकाव होणार नाहीं, म्हणून त्या स्त्रियांना शिकविण्याचें काम तुमचें. म्हणजे सालेमहून निघालेल्या जहाजाचें एक मुक्कामाचें ठिकाण आपलें माजघर होतें! दुसऱ्या दिवशीं सालेमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्यें पांच तरुणांना मस्तकावर हात ठेवून दीक्षा देण्यांत आली. न्यूवेल, जडसन, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल व ल्यूथर राइस हे ते पांच होत. हात ठेविले गेले ते पुरुषांच्याच मस्तकांवर. काम नेमून दिलेल्या मुली मात्र केवळ त्यांच्या पत्नी म्हणून निघाल्या. ९ तारखेस हॅरिएटचें लग्न झालें, आणि १९ तारखेस ऐन हिंवाळ्यांत 'कॅराव्हॅन' हें व्यापारी गलबत न्यूवेल व जडसन या दोन जोडप्यांना घेऊन बंदराबाहेर पडलें. हॅरिएट तेव्हां अठरा वर्षांची होती.

सालेम हें त्या काळीं हिंदुस्थानाशीं व्यापार करणारें नांवाजलेलें बंदर होतें. तेथील व्यापाऱ्यांना कलकत्त्याचा रस्ता पाठ होता. म्हणजे धर्मप्रसारकांनीं व्यापाराच्या वाटेनेंच प्रवास केला. प्रवास चार महिन्यांचा. आरंभीं समुद्र लागून मुली हैराण झाल्या. पुढें बसून बसून प्रकृति बिघडूं लागली तेव्हां त्यांनीं व्यायामासाठीं डेकवर दोरीवरच्या उड्या मारण्यास आरंभ केला. धीरगंभीर चेहऱ्याच्या चरित्रग्रंथांत ही दोरी भेटली कीं मन एकदम हलकें होतें. अखेर त्या अठरा आणि बावीस वर्षांच्या मुलीच होत्या!

आज असा प्रवास अगदीं निराळा झाला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, १९६० मध्यें लॉरेन कनिंगहॅम यांनीं स्थापिलेल्या 'यूथ विथ अ मिशन'सारख्या संस्थांनीं तरुणांना थोड्या मुदतीसाठीं परदेशीं पाठविण्याची चाल रूढ केली. अमेरिकेंतील कित्येक चर्चांतील मुलें सुटींत आठ-पंधरा दिवस कोठें तरी जाऊन घर बांधण्यास हात लावतात, शाळेची भिंत रंगवितात, आणि परतीचें तिकीट खिशांत असतें. अशा धावत्या भेटींचा उपयोग तिकडच्या लोकांना अधिक कीं जाणाऱ्या मुलांना अधिक, यावर ख्रिस्ती मंडळींतच वाद आहे. हॅरिएटच्या वेळीं पत्र पाठवावें, तर तें घेऊन जाणारें जहाज मिळण्याची वाट पाहावी लागे, आणि उत्तर वर्षाच्या आंत आलें तर नशीब.

जून १८१२ च्या मध्यास 'कॅराव्हॅन' कलकत्त्यास लागलें. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांच्या मंडळींनीं पाहुण्यांना आसरा दिला. हे केरी म्हणजे १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण छापणारे तेच. हॅरिएट समुद्रावर असतांनाच, मार्च महिन्यांत, त्यांच्या छापखान्यास आग लागून टाइप, कागद व हस्तलिखितें यांची मोठी हानि झाली होती, आणि मंडळी पुन्हां उभारणीच्या उद्योगांत होती.

पण ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते. १८०६ मध्यें वेलोर येथें शिपायांचें बंड झाल्यापासून लोकांच्या धर्मांत कोणी ढवळाढवळ केली तर राज्य धोक्यांत येईल, ही धास्ती सरकारनें घेतली होती. परवान्यावांचून आलेल्या मिशनऱ्यांनीं आल्या जहाजानें परत जावें, असा हुकूम सुटला. त्यांतच अमेरिका व इंग्लंड यांच्यामध्यें युद्ध जुंपलें. बऱ्याच विनवण्यांनंतर मॉरिशसला जाण्याची मोकळीक मिळाली. पण जें जहाज निघत होतें त्यांत दोघांपुरतीच जागा होती. हॅरिएट गरोदर होती, म्हणून न्यूवेल दंपतीनें पुढें जावें असें ठरलें. ४ ऑगस्टला तीं दोघें निघालीं. ज्या देशासाठीं तिनें घर सोडलें, त्या देशांत ती उणींपुरीं सात आठवडे राहिली.

एवढ्या अवधींत ती काय पाहणार? येथील एकही भाषा तिला येत नव्हती. तिच्या पत्रांतून व रोजनिशींतून आपल्या लोकांविषयीं जे शब्द येतात, ते वाचून आपल्याला बोंचल्यावांचून राहत नाहीं. हा देश अंधारांत बुडालेला आहे, हा निष्कर्ष ती घरूनच बरोबर घेऊन आली होती. डोळ्यांनीं पाहून तो पडताळण्यास तिला ना वेळ मिळाला, ना भाषा. हा दोष झांकण्याचें कारण नाहीं. पण ज्यांनीं तिच्या हातीं तो निष्कर्ष दिला ते वयानें व विद्येनें तिच्याहून पुष्कळ मोठे होते, हेंही विसरूं नये.

श्रीरामपूरचें नांव निघालें कीं मराठी वाचकास दुसरी एक अठरा वर्षांची मुलगी आठवते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्याच गांवच्या कॉलेजांत आनंदीबाई जोशी यांनीं, आपण अमेरिकेस कां जात आहोंत, हें भरसभेंत सांगितलें. हिंदु म्हणूनच जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, हा त्यांचा निर्धार त्या भाषणांतलाच. एप्रिलच्या ७ तारखेस त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. हॅरिएट ज्या दिशेनें आली तिच्या बरोबर उलट दिशेनें, एकाहत्तर वर्षांनंतर, आणि योगायोग असा कीं मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें! समुद्रगमनाबद्दल निंदा सोसून गेलेली ती मुलगी शिकावयास गेली होती, आणि ही शिकवावयास आली होती. हा भेद लहान नाहीं. दोघींनाही क्षयानेंच गांठलें. आनंदीबाई निदान डॉक्टर होऊन घरीं आल्या आणि स्वतःच्या माणसांत वारल्या.

हॅरिएटचें तसें झालें नाहीं. मॉरिशसच्या वाटेवर जहाज वादळांत सांपडलें, गळूं लागलें, आणि कोरोमंडल किनाऱ्यावर कोरिंगा येथें त्यास आश्रय घ्यावा लागला. ती तेव्हांच आजारी पडली. पुन्हां निघाल्यावर भर समुद्रांत तिला मुलगी झाली. जवळ पतीखेरीज आपलें असें माणूस नव्हतें. मूल थोड्याच दिवसांत दगावलें. मॉरिशसला पोंचतांना क्षयाचीं लक्षणें उघड दिसूं लागलीं होतीं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं पोर्ट लुई येथें तिचा अंत झाला. एकोणिसावें वर्ष पुरें होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. न्यूवेलनें डिसेंबरच्या १० तारखेस तिच्या आईस सविस्तर पत्र लिहिलें. जानेवारींत जडसन दंपती मॉरिशसला येऊन पोंचली, तेव्हां अ‍ॅनला मैत्रिणीच्या जागीं तिची कबर दाखविण्यांत आली.

ज्या कामासाठीं ती आली त्यांतलें एकही काम तिच्या हातून झालें नाहीं. एका स्त्रीला एक अक्षर शिकविलें नाहीं, कीं कोणाला उपदेश केला नाहीं. तरीही अमेरिकेच्या मिशन-इतिहासांत तिच्या वेळच्या पुष्कळ कर्त्या पुरुषांपेक्षां तिचें नांव अधिक घरांत गेलें. १८१४ मध्यें अँडोव्हरचे अध्यापक लिओनर्ड वुड्स यांनीं तिच्या मृत्यूवरील प्रवचन, आणि त्यासोबत तिचीं पत्रें व रोजनिशी यांवरून रचिलेलें चरित्र प्रसिद्ध केलें. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. लोकांनीं आपल्या मुलींचीं नांवें हॅरिएट न्यूवेल अशीं ठेविलीं. बोर्डाला हात सैल सोडून मदत करावी असें लोकांना वाटावयास लावणारी गोष्ट तिच्या मरणानें पुरविली. हें त्या पुस्तकाचें यश खरें. पण एका आईच्या हातीं तें पुस्तक पडलें असेल तेव्हां तिला त्यांत काय दिसलें असेल, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

मागाहून दुसऱ्या जहाजानें आलेले हॉल आणि नॉट कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांना चुकवून ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. त्यांनाही घालवून देण्याचे हुकूम आले. ते निसटून कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांना परत आणण्यांत आलें. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनीं त्यांच्या अर्जांकडे सहानुभूतीनें पाहिलें, आणि १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांना दार उघडल्यावर त्यांचा पाय येथें रोंवला. न्यूवेल सिलोनांत कांहीं काळ राहून १८१४ मध्यें त्यांना येऊन मिळाला. त्यानें पुढें दुसरें लग्न केलें आणि १८२१ मध्यें तो मुंबईंतच पटकीनें वारला. गॉर्डन हॉलला १८२६ मध्यें नाशिककडील फेरींत पटकीनेंच नेलें. या मंडळीनें मुंबईंत छापखाना घातला. त्याच छापखान्याचें काम पाहून गणपत कृष्णाजींनीं आपला छापखाना उभारला आणि १८३१ मध्यें छापील पंचांग काढलें. मिशनऱ्यांचे ग्रंथ ज्यांनीं कधीं हातीं धरले नसते, अशा घरांतून तें पंचांग खुंटीला लागलें.

१८२४ मध्यें अमेरिकन मिशननें मुंबईंत मुलींची शाळा काढली. तीन वर्षांनीं सिंथिया फॅरार ही बत्तीस वर्षांची अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून मुंबईस आली. ती कोणाची पत्नी म्हणून आली नव्हती. शिकविण्याच्या कामावरच तिची नेमणूक झाली होती. पुढें ती अहमदनगरास गेली. तिची तेथील मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनीं पाहिली, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले. फॅरारबाई मराठी शिकल्या, शाळा चालवीत राहिल्या, आणि चौतीस वर्षांनंतर, १८६२ मध्यें, अहमदनगर येथेंच वारल्या. त्यांच्या देशांत त्यांचें नांव हॅरिएटइतकें कधींच गाजलें नाहीं.